ठोकून पाहिले: इंगळे

"इंगलेजी से कुछ पूछो मत, भैया. पूछोगे पानी का टैंकर कब आएगा, बताएँगे ये पुल कौन-से साल में बना था."

वाक्य खालून आलं. मी पुलाच्या पोटाखाली बांधलेल्या परांचीवर बसले होते, आणि खाली कोरड्या नदीच्या वाळूत दोन मजूर गंजलेल्या सळ्यांना तारेचा ब्रश मारत बसले होते. दुसरा हसून म्हणाला, "बड़े आदमी हैं. सुनते सबकी हैं, जवाब अपने हिसाब से देते हैं."

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते इंगळे काका माझ्यापासून दोन हातांवर होते. स्लॅबला पिवळ्या खडूने गोल काढत होते. चेहऱ्यावर काही नाही, हात थांबला नाही. मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करतो. नवी इंजिनिअर म्हणून साइटवरचा तो माझा तिसरा दिवस होता, आणि मी स्वतः लोकांचं बोलणं न ऐकल्यासारखं करण्यात तयार झालेली होते, त्यामुळे ते मला लगेच आवडले.

पूल ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या पुढे होता. खांबांमधल्या पाच गाळ्यांचा, जुना; खालच्या नदीला वर्षातले आठ महिने पाणी नसायचं. तो पाडायचा नव्हता. जिथलं काँक्रीट आतून सुटलं होतं तेवढंच फोडून काढायचं, आतल्या सळ्या घासून साफ करायच्या, त्यांना गंज न धरणारा लेप द्यायचा आणि नवा मसाला भरायचा. हे सगळं पूल जागेवर असताना, वरून अर्ध्या रस्त्यावर गाड्या चालू असताना. फक्त जड वाहनांना बंदी होती. परांची आणि स्लॅब यांच्यामध्ये चार फूटसुद्धा जागा नव्हती. बसायचं, सरकायचं, गुडघ्यांवर चालायचं. मान वर केली की हेल्मेट काँक्रीटला लागायचं. शिडी एकच, आणि ती लागेल तिथे हलवत असत, म्हणजे एकदा वर गेलं की शिडी परत येईपर्यंत तिथेच. वरून भरलेली जीप गेली की सगळं छत अंगात थरथरायचं. पहिल्या आठवड्यात मला रोज वाटायचं की आज घरी जाऊन सांगायचं, मला हे जमणार नाही. पण घरी सांगायचं म्हणजे बोलायचं, आणि आई लगेच बँकेच्या परीक्षेचा फॉर्म काढून बसली असती. मग मी दुसऱ्या दिवशी पुन्हा हरिशंकरपुरमहून स्कूटी काढायची.

इंगळे काका उंच होते. इतका उंच माणूस आयुष्यभर पुलांच्या पोटाखाली काम करून कसा दिसेल, तसे दिसायचे. मोकळ्यावरसुद्धा खांदे किंचित वाकवून उभे राहायचे, जणू वर काहीतरी आहे. पांढऱ्या मिशा. मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. उजव्या कानामागे पिवळ्या खडूचा तुकडा, त्यामुळे तो कान कायम पिवळा. नोकरी ठेकेदाराकडे, पद सुपरवायझरचं, वय सहासष्ट, मुदत दर वर्षी एक वर्ष वाढवून मिळालेली. राहायला मुरारमध्ये दोन खोल्या. काकू गेल्या होत्या, मुलगा भोपाळला. "आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर आले," ते सांगायचे, "मी साइटवर सायकलीने आलो, आता स्कूटर आहे. घोड्याच्या मानाने स्कूटर बरी, लाथ नाही मारत."

मजुरांसमोर ते मला "मॅडम, तुम्ही" म्हणायचे. परांचीवर आम्ही दोघंच असलो की "बेटा, तू". त्यांची मराठी आमच्या घरच्यासारखीच होती, ग्वाल्हेरची. क्रियापद मराठी आणि बाकी जे हाताला लागेल ते. "बेटा, जल्दी नको करू. पहिले समझून घे, मग लिही." माझी शाळा इंग्रजी होती. तिथे इंग्रजीशिवाय दुसरं काही बोललं की डायरीत नोंद व्हायची. मी त्यावर सोपा उपाय काढला होता, बोलायचंच नाही. तो उपाय कॉलेजातही चालला, आणि नोकरीतही चालेल असं मी धरून चालले होते.

त्यांनी मला पहिले चार दिवस काहीच करू दिलं नाही. "फक्त ऐक," म्हणाले. त्यांच्याकडे अर्ध्या किलोची एक हातोडी होती, दांडा त्यांनी स्वतः बसवलेला. ते स्लॅबवर ठोकत पुढे सरकायचे, वीतभर अंतराने, टक, टक, टक, आणि मग एखाद्या जागी आवाज पडायचा. ठप्प. ते थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आजूबाजूला ठोकून सुटलेल्या भागाची हद्द शोधायचे आणि खडूने गोल काढायचे. आवाजांना त्यांनी नावं दिली होती. खणखणीत असला की "भरलेली घागर". पोकळ असला की "ढोल". आणि या दोन्हींच्या मधला एक आवाज होता, वरचा पापुद्रा नुकताच सुटायला लागल्याचा, त्याला ते "पापड" म्हणायचे. "ढोल कुणालाही कळतो. पापड ज्याला कळला त्याला नोकरी द्यायची."

ठोकताना ते डावा तळहात हातोडीच्या शेजारी काँक्रीटवर पालथा ठेवायचे. मला ते फार सुंदर वाटायचं. ताप बघतात तसं. मी घरी आईला सांगितलंसुद्धा, की आमचे एक काका आहेत, ते पुलाला हात लावून बघतात. आई म्हणाली, "तू त्यांच्यासारखी हात लावत नको बसू, फोटो काढ आणि खाली उतर."

त्यांचा कामातला हट्ट एकदा सगळ्या साइटने बघितला. जुन्या काँक्रीटवर नवा मसाला लावायच्या आधी एक चिकट लेप लावतात, दोन्हींना धरून ठेवणारा. तो ओला असून चालत नाही आणि वाळून चालत नाही. बोट लावलं की बोटाला ओढ लागली पाहिजे, तेवढ्याच वेळात मसाला दाबायचा. दुसऱ्या गाळ्यात एका दुपारी लेप लावला, आणि मसाल्याचा मिक्सर बंद पडला. लू, म्हणजे उन्हाळ्याचा गरम वारा, चाललेली. मिक्सर सुरू होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. आमचे मॅनेजर भदौरिया सर वर आले आणि म्हणाले, भरून टाका, एवढ्याने काय होतं. भरूनही टाकलं. इंगळे काका तेव्हा दुसऱ्या टोकाला होते. आले, मसाल्याच्या कडेला उरलेल्या लेपाला बोट लावलं, बोट बघितलं. बोट कोरडं.

"निकालो," ते म्हणाले.

"इंगलेजी, सूख जाएगा तो पत्थर हो जाएगा," भदौरिया सर चिडून त्यांच्या तोंडासमोर ओरडले.

"पत्थर ही होगा, साहब. पर पुल का पत्थर नहीं होगा. अलग पत्थर होगा, लटका हुआ."

त्यांनी सगळा मसाला स्वतःच्या हाताने खरवडून काढला. ओला असेपर्यंत खोऱ्याने, मग छिन्नीने. संध्याकाळी त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि मजूर त्यांच्याकडे बघून कुजबुजत होते, कारण दिवसभराचं काम वाया गेलं होतं. ते जाताना मला म्हणाले, "यांना वाटतं म्हातारा सनकी आहे. वाटू दे. खाली त्या बायका बसतात ना."

खाली म्हणजे पुलाखाली. नदी कोरडी असली की तिथे सावलीत खरबूज-कलिंगडवाल्या बायका बसायच्या, पोरंबाळं घेऊन. आम्ही काम चालू असलेल्या गाळ्याखालून त्यांना उठवायचो, त्या पुढच्या गाळ्याखाली जाऊन बसायच्या. काम संपलं की परत पहिल्या जागी. त्यांच्या डोक्यावर तेच छत होतं जे आम्ही ठोकत होतो.

मला कळलं ते पुलावर नाही, मुरारच्या बाजारात. साइटसाठी माठ घ्यायचा होता. भदौरिया सरांनी काकांना सांगितलं आणि काकांनी मला बरोबर घेतलं. रस्त्याच्या कडेला कुंभारणीकडे तीस-चाळीस माठ मांडलेले. काका उकिडवे बसले आणि बोटाच्या पेराने एकेक माठ वाजवायला लागले, सगळेच वाजवतात तसे, पण जरा जास्त थाटात. मला शिकवतही होते. "बघ, हा जाड बुडाचा. हा कमी भाजलेला. हा बघ, हा घ्यायचा." आणि त्यांनी जो उचलला तो तडकलेला होता. माझ्या कानाला तो खरखरीत आवाज इतका स्पष्ट आला की मी माठाकडे बघतच राहिले. कुंभारीण हसली. "बाबूजी, ये तो चटका हुआ है. बजा के भी यही लिया?"

काका तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हाँ हाँ, यही देना."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सगळे म्हणतात की हिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. माझी मावशी तर म्हणते, हिला फोटोत आणि प्रत्यक्षात बघितलं तरी सारखंच. पण त्यांनी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी वाचलं, माठ खाली ठेवला आणि शेजारचा उचलला. पुन्हा माझ्याकडे बघितलं. तो चांगला होता. तो आम्ही घेतला.

परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागच्या सीटवर मांडीत माठ धरून मी बसले होते आणि एकेक गोष्ट जागेवर बसत होती. काँक्रीटवर पालथा ठेवलेला तळहात. प्रत्येक ठोक्यानंतर माझ्याकडे टाकलेली नजर, जी मला शिकवण्यासाठी वाटायची. लांबलचक गोष्टी. ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत, कारण जो बोलत असतो त्याला कुणी काही विचारत नाही. आणि ते स्वतः कधी कुणाला काही विचारायचे नाहीत. इतक्या दिवसांत एकही प्रश्न मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. प्रश्न विचारला की उत्तर ऐकावं लागतं.

चाळीस वर्षं त्यांनी काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवला होता, किंवा चालणाऱ्या ब्रेकरच्या शेजारी उभे राहिले होते. त्या काळी कानात घालायला कापूसही कुणी देत नसे.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही सांगितलं नाही की मला कळलंय. दुसऱ्या दिवशी परांचीवर ते ठोकायला लागले, आणि मी पहिल्यांदा जाणूनबुजून चेहरा हलवला. ढोल वाजला की भुवया वर. पापड असला की ओठ आवळायचे. त्यांनी गोल काढले, सगळे बरोबर. दुपारी नेहमीच्या डब्याऐवजी कागदात बांधलेल्या दोन बेडई, डाळ भरलेल्या पुऱ्या, काढल्या, एक माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "इंदरगंजहून आणली. गरम होती तेव्हा चांगली होती."

पुढचे पाच आठवडे आम्ही असेच काम केलं. ते ठोकायचे, मी ऐकायची, ते माझ्याकडे बघायचे. मला अजून नक्की सांगता येत नाही की ते मला शिकवत होते की माझ्यामागे लपत होते. दोन्ही असेल. शिकले मी खरंच. पापड मला कळायला लागला. आणि मी त्या चार फुटांत आणखी घट्ट अडकले, कारण आता मी सुट्टी घेऊ शकत नव्हते. मी नसेन त्या दिवशी पूल कोण ऐकणार?

एकदा आम्ही खरोखरच अडकलो. तिसऱ्या खांबाच्या माथ्यावर, जिथे तुळया येऊन टेकतात त्या जागी, आम्ही दोघं बघत असताना मजुरांनी शिडी उचलून दुसऱ्या काठाला नेली आणि सगळे जेवायला गेले. माझा फोन खाली पिशवीत, काकांचा स्कूटरच्या डिकीत. खाली पंचवीस फूट. काका म्हणाले, "हाक मार, बेटा. माझा आवाज फाटतो."

मी हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो माझ्याच गुडघ्यापर्यंत पोचला असेल. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा तर तेवढाही निघाला नाही. काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ठीक आहे, जोराने मारलीस. येईलच कुणी." मी त्यांना सांगू शकले नाही की मी मारलीच नाही.

दीड तास आम्ही तिथे बसून होतो. त्या दिवशी ते नेहमीच्या गोष्टी बोलले नाहीत. खालच्या वाळूकडे बघत म्हणाले, "मुलाने मशीन पाठवली होती. कानाची." पहिल्यांदाच त्यांनी कानांचा विषय काढला. "घातली एक दिवस. ब्रेकर सुरू झाला, वाटलं डोक्यात कुणी सळी घातली. आणि साइटवर घालून आलो असतो तर? भदौरिया साहेब चांगला माणूस आहे. मिठाई देऊन, हार घालून घरी पाठवला असता." मग तळहाताने खांबाचं काँक्रीट पुसल्यासारखं केलं. "बांधकाम विभागाचे साहेब येतात, रजिस्टर उघडतात. 'ठोकून पाहिले' याच्यापुढे इंगळे लिहिलंय का बघतात. मग स्वतः नाही ठोकत. एवढंच कमावलं मी. घरी जाऊन काय करू? भिंती ठोकू?"

मी माझ्या बाजूच्या काँक्रीटवर तसाच तळहात ठेवला. त्यांना ते चाललं.

ते रजिस्टर. प्रत्येक तुळईसाठी एक पान होतं. वर "ठोकून पाहिले", त्यापुढे काकांची सही, मराठीत, वळणदार. खाली "तपासले", त्यापुढे इंजिनिअरची, म्हणजे माझी. मे संपता संपता तिसऱ्या गाळ्याच्या दुसऱ्या तुळईचं टोक ठोकायचं होतं, बेअरिंगच्या जवळचं, जिथे तुळईचा सगळा भार खांबावर उतरतो. त्या दिवशी भदौरिया सरांनी मला नकाशे घेऊन इंदरगंजच्या ऑफिसात पाठवलं. मी म्हणायला हवं होतं की उद्या जाते. संध्याकाळी परत आले तर काकांची सही झालेली होती. जेवढा भाग त्यांनी खडूने आखला होता तेवढा फोडून, साफ करून, लेप देऊन मसालाही भरून झाला होता. काम बघण्यासारखं सुबक. मी ठोकलं नाही. त्यांच्या सहीखाली माझी सही केली, कारण नाही केली असती तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि त्या नजरेला मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

नंतर कळलं की त्या दिवशी वर रस्त्याच्या डांबरीकरणाचा रोलर फिरत होता. सगळा पूल थरथरत असताना तळहाताला काय कळणार.

विभागाच्या तपासणीच्या दोन दिवस आधी मी शेवटचे फोटो काढत फिरत होते. तिसऱ्या गाळ्यात नव्या मसाल्याचा फोटो काढला, आणि सवयीने काकांची हातोडी उचलून ठोकलं. मसाला खणखणीत. त्याच्या कडेला, जुन्या काँक्रीटवर, ठोकलं. ठप्प. पुढे ठोकत गेले. ठप्प, ठप्प, बेअरिंगच्या दिशेने, माझा पूर्ण हात पुरणार नाही एवढ्या लांबीत. खालच्या वाळूत त्या बायका परत येऊन बसल्या होत्या. एकीने कलिंगड कापून लाल फोड वर, गिऱ्हाइकांना दिसेल अशी ठेवली होती.

मी काकांना सांगायचं ठरवलं. फक्त त्यांना. ते स्वतः म्हणाले असते, निकालो, स्वतः छिन्नी घेतली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. संध्याकाळी ते हातपाय धुवून स्कूटरजवळ उभे होते. बाजूला मजूर, भदौरिया सर फोनवर. मी जवळ जाऊन म्हणाले, "काका, तिसऱ्या गाळ्यात दुसऱ्या तुळईचं टोक पोकळ आहे."

"हो, हो," ते म्हणाले. "उद्या लवकर ये. साहेबांसाठी परांची साफ करून ठेवू."

मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. भदौरिया सरांनी फोनवरून मान वळवली. मी हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागले. काकांनी स्कूटरला किक मारली. तिथे उभं राहून मला समजलं की मी कशात सापडले आहे: ही गोष्ट त्यांना एकट्याला सांगताच येणार नव्हती. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची तर साइटवरच्या प्रत्येकाला ऐकू जाणार होती.

घरी मी चिठ्ठी लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या. चौथ्या ओळीत लिहावं लागत होतं की तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते माझ्या अक्षरात कागदावर आलं की इतकं कुरूप दिसलं की मी तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी चेहऱ्याने सांगायचा प्रयत्न केला. त्यांना तिसऱ्या गाळ्याकडे नेऊन भुवया वर केल्या. ते म्हणाले, "हो ना, छान दिसतोय," आणि परांचीच्या नळ्या मोजायला निघून गेले. मला आजही शंका आहे की तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं नाही, की बघायचं टाळलं. जो माणूस लेप वीस मिनिटं वाळला म्हणून सगळा मसाला काढतो, त्याला त्या रोलरची आठवण आलीच नसेल?

तपासणीच्या सकाळी विभागाचे साहेब आले. गोरेपान, घाईतले, हातात थंड पाण्याची बाटली. बाकीचे चार गाळे त्यांनी खालूनच बघितले. तिसऱ्या गाळ्याखाली उभं राहून रजिस्टर मागितलं. भदौरिया सरांनी पान उघडून दिलं.

"इंगलेजी ने बजाया है?"

"खुद बजाया है, साहब," भदौरिया सर म्हणाले.

"तो फिर ऊपर चढ़ के क्या करना. कल से भारी गाड़ियाँ छोड़ दो." त्यांनी खिशातून पेन काढलं. दोन मजूर परांचीच्या दोऱ्या सोडायला वर चढले होते, आणि बाजूला सरकवलेल्या कलिंगडवाल्या बायका टोपल्या उचलून परत यायला लागल्या होत्या. एकीचं मूल आधीच पळत सावलीत आलं होतं.

मी जमिनीकडे बघत होते. मला माहीत होतं की वर बघितलं तर काका माझ्या चेहऱ्याकडेच बघत असतील. वर बघितलं. ते बघत होते. इस्त्री केलेला शर्ट, मनगटापर्यंत बटणं, कान पिवळा. त्यांच्या चेहऱ्यावरचं पाहुण्यांसमोरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी माझ्याकडून नजर काढून वर, दुसऱ्या तुळईच्या टोकाकडे नेली, तिथे थोडा वेळ ठेवली आणि परत माझ्याकडे आणली.

"काय?" त्यांनी विचारलं.

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं. मी काहीतरी पुटपुटले. काका दोन पावलं माझ्याकडे आले, आणि सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, भदौरिया सरांसमोर, मजुरांसमोर, त्यांनी उजवा हात उचलून त्या पिवळ्या कानामागे धरला आणि वाकले. असं करताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. खडूचा तुकडा वाळूत पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"मोठ्याने सांग, बेटा," ते म्हणाले.

मी श्वास घेतला, आणि जो आवाज निघाला तो छताला लागून परत आला.

"काका, दुसऱ्या तुळईचं टोक पोकळ आहे. तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि मी न ठोकता सही केली."